आर्सेनिकजन्य चिरकारी विषबाधा

आर्सेनिकाची संयुगे अल्प प्रमाणात परंतु दीर्घकाळ पोटात जात राहिल्याने जडणारा विकार. सोमल, हरताळ व मनशीळ या रूपांत आर्सेनिकाची संयुगे भारतात प्राचीन काळापासून परिचित आहेत. सोमलाची मोठी मात्रा पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होऊन थोड्याच काळात मृत्यू येऊ शकतो. चिरकारी विषबाधेचे स्वरूप याहून अगदी भिन्न असते. तीत बरीच वर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. नंतर छाती व पाठ यांवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे व फिकट ठिपके उमटतात आणि तळहात व तळपाय यांची त्वचा जाड व खरखरीत होऊन तीवर गाठी येतात. पुढे तंत्रिका, यकृत व रक्तवाहिन्या यांना इजा पोहोचते, तसेच त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

सोमलाला लक्षात येण्यासारखी चव वा वास नसल्याने खुनासाठी त्याचा वापर शतकानुशतके होत राहिला. इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षेमुळे मृताच्या शरीरातील आर्सेनिकाचा अत्यल्प अंशही ओळखता येऊ लागला. एकाएकी दिलेले विष अशा रीतीने न्यायालयात सिद्ध करता येऊ लागले. मात्र सावकाश भिनणारे विष ओळखण्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

याचे एक कारण म्हणजे आर्सेनिक हे औषध म्हणूनही मान्यता पावलेले होते. टॉमस फाउलर या इंग्रज वैद्यांनी १७८६ मध्ये प्रचारात आणलेला पोटॅशियम आर्सेनाइटाचा विद्राव हिवताप व त्वचारोग यांवर दीर्घकाळ दिला जाई. असे औषध घेतलेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर गाठी येऊन पुढे कर्करोग उद्‌भवल्याचे जोनाथन हचिन्सन यांनी १८८८ मध्ये नोंदविले. १९०० मध्ये मँचेस्टर व आसपासच्या प्रदेशात हातापायांची आग, बधिरता व पक्षाघात यांची साथ पसरली. प्रथम ती अतिमद्यपानाचा परिणाम समजली गेली. अर्नेस्ट रेनल्ड्स या वैद्यांना मात्र तीव्र मद्ये पिणाऱ्यांपेक्षा बिअर पिणाऱ्यांमध्येच हा विकार आढळतो, असे दिसून आले. बिअरसाठी वापरलेली साखर ज्या सल्फ्यूरिक अम्लाच्या साहाय्याने तयार केली होती, ते आर्सेनिकयुक्त पायराइटापासून बनविलेले होते. या घटनेत सु. ६,००० लोकांना बाधा झाली आणि किमान ७० मृत्युमुखी पडले. लॉर्ड केल्व्हिन यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाने नंतर अन्नातील आर्सेनिकाच्या मर्यादा सुचविल्या.

विसाव्या शतकात पाण्यातून होणाऱ्या बाधेचा पुरावा पुढे आला. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील गावांत खोल विहिरींचे पाणी पिणाऱ्यांचे पाय काळे पडून कुजत. हा विकार ‘काळ्या पायाचा रोग’ म्हणून ओळखला जातो. तेथील ४०,४२१ लोकांची पाहणी करून त्सेंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखविले, की पाण्यातील आर्सेनिक जितके अधिक, तितके त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक. चिलीतील आंतोफागास्ता शहराला १९५८ पासून टोकोन्से नदीचे पाणी मिळू लागले. त्यात दर लिटरला सु. ८०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. १९७० मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झाल्यावर हे प्रमाण बरेच घटले; परंतु फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुढे अनेक दशके अधिकच राहिले. विषाचा पुरवठा थांबला, तरी झालेली हानी तत्काळ थांबत नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

गंगा–ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातील विषबाधेचे मूळ एका लोकहिताच्या कार्यात आहे. तळी व नद्या यांच्या दूषित पाण्यामुळे पटकी व अतिसार होऊन असंख्य बालके दगावत. म्हणून विशेषतः १९७० नंतर शासनांनी व ‘युनिसेफ’सारख्या संस्थांनी उथळ कूपनलिकांचा प्रसार केला, पुढे लोकांनी स्वखर्चानेही लक्षावधी कूपनलिका बसविल्या. हे पाणी रोगजंतूंपासून बव्हंशी मुक्त होते. मात्र हिमालयातून वाहून आलेल्या गाळातील लोहाच्या ऑक्साइडांना आर्सेनिक चिकटलेले असते. ऑक्सिजनविरहित थरांत सेंद्रिय द्रव्यांवर जगणारे सूक्ष्मजंतू या ऑक्साइडांचे क्षपण करतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. पाणी स्वच्छ दिसत असल्याने त्याविषयी संशय येण्याचे कारण नव्हते.

१९८३ मध्ये कोलकात्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मधील त्वचारोगतज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधील रुग्णांची लक्षणे आर्सेनिकजन्य असल्याचे ओळखले. पुढे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती यांनी दीर्घकाळ पाहणी करून या समस्येची व्याप्ती दाखवून दिली. बांगला देशात १९९३ मध्ये चापाई नवाबगंज येथील विहिरींत प्रथम आर्सेनिक आढळले. तत्पूर्वी १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तेथील काही विहिरींच्या पाण्याचे रासायनिक परीक्षण केले होते. पण त्यात आर्सेनिकाची चाचणी नव्हती. यावरून दाखल झालेला दावा इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने २००६ मध्ये फेटाळला. १९९८-९९ मधील पाहणीत तपासलेल्या उथळ विहिरींपैकी सु. २७ टक्के विहिरींत दर लिटरला ५० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक निघाले. सु. १२·५ कोटी लोकसंख्येपैकी ३·५ ते ७·७ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज २००० मध्ये व्यक्त झाला. इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा मानली जाते. पुढे सु. ५० लाख कूपनलिका तपासून सुरक्षित विहिरींना हिरवा व दूषित विहिरींना लाल रंग देण्यात आला. त्वचेवरील डाग कुष्ठरोगाचे समजले जाऊन अनेक रुग्णांना बहिष्कार सोसावा लागला. मुलींचे विवाहही अडले.

जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यातील आर्सेनिकाची मर्यादा दर लिटरला २०० मायक्रोग्रॅम (१९५८), ५० मायक्रोग्रॅम (१९६३) व १० मायक्रोग्रॅम (१९९३) अशी क्रमाने खाली आणली. या विकारावर खात्रीशीर औषध नाही. सुरक्षित पाणी हाच मुख्य उपाय होय. खोल थरांतील पाणी, साठविलेले पावसाचे पाणी, शुद्ध केलेले नदीचे पाणी व आर्सेनिक शोषून घेणारी गाळणी हे त्याचे मार्ग आहेत. तथापि गाळणीची देखभाल न झाल्यास ती निरुपयोगी ठरते, आणि एका विहिरीच्या परीक्षणावरून शेजारच्या विहिरीविषयी निष्कर्ष काढता येत नाही. जलपुरवठ्याची योजना आखताना पाण्यातील रोगजंतूंबरोबरच त्यातील खनिज द्रव्यांचीही आरंभीच परीक्षा करणे अगत्याचे आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.