मुलीची आई कुठं होती?

१२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर मंडळीच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्व भामिनीच्या वेषात रंगमंचावर उभे राहिले.

आम्हा कोल्हापूरकरांना या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान. शाहू महाराजांनीच या मुलाच्या कानावर मिरजेत उपचार करवले आणि १९०५ मध्ये त्याला किर्लोस्कर मंडळीत धाडण्यातही त्यांचा हात होता. मीसुद्धा वर्गात कर्तव्यनिष्ठेचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगायचो. एकदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, त्या मुलीची आई कुठं होती?”

मी गप्प बसलो. आईचं नाव लक्ष्मीबाई, एवढंच सांगता आलं.

घरी येऊन गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ पुन्हा काढलं. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं हे नाटक बडोद्यात रंगभूमीवर आणलं. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. आपण हे दारूचं नाटक म्हणून ओळखतो. पण त्यात एक तान्हं मूलही मरतं, तेही बापाच्या काठीनं. स्वतः जखमी असलेली सिंधू फौजदाराला मात्र आपण पडलो असं सांगते. जे थोडे श्वास उरले होते, ते तिनं नवऱ्याला वाचवण्यात घालवले. बाळासाठी रडायला तिला सवडच मिळाली नाही.

आठ वर्षांपूर्वी ज्या बापाला स्वतःच्या लेकीचं दुःख बाजूला ठेवावं लागलं, तोच बाप आता लुगडं नेसून अशी आई रोज रात्री उभी करत होता. त्या वेळी त्यांच्या मनात काय चालत असेल, यावर मी बोलणार नाही. पण प्रेक्षक सिंधूसाठी ढसाढसा रडले, आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आपल्या गोष्टीत एक वाक्यही आलं नाही.

आमच्याकडेही मूल गेलेल्या आईला पहिल्याच दिवशी “सब्र करो” म्हणून गप्प करतात. चिमुकला इब्राहीम गेला तेव्हा खुद्द पैगंबरांच्या (स.) डोळ्यांतून पाणी आलं होतं, हे त्या वेळी कुणाला आठवत नाही.

‘मानापमान’ची गोष्ट मी अजून सांगतो. फक्त आता सुरुवात लक्ष्मीबाईंपासून करतो. त्या मुलीला ‘एकच प्याला’चा शेवटचा अंक वाचायला दिलाय, पुस्तक अजून परत आलेलं नाही.