डेट्रॉइटच्या पोटातलं मीठ आणि आपल्या गाड्यांचा गंज

मंडळी, थंडी पडली की आपल्या मिशिगनकरांचा एक प्रश्न हमखास येतो: "गाडीला खालून कोटिंग करून घ्यावं का?" उत्तर पुढे देतो. आधी हा गंज आला कुठून ते बघू, कारण तो नुसता हवामानाचा प्रताप नाही. तो ठरवून आणलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधी इथे बर्फाळ रस्त्यावर वाळू नाहीतर राख टाकत आणि चाकांना साखळ्या बांधत. १९३८ मध्ये न्यू हॅम्पशायरने मिठाचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अख्ख्या देशातल्या महामार्गांवर मिळून जेमतेम ५ हजार टन मीठ पडलं. मग युद्ध संपलं, उपनगरं वाढली, माणसं रोज गाडीने कामाला जायला लागली आणि वादळ थांबताच रस्ता काळा दिसलाच पाहिजे, असं धोरण आलं. १९५५ मध्ये सुमारे १० लाख टन, १९७० च्या आसपास जवळजवळ १ कोटी टन! अपघात कमी झाले, हे कबूल करायलाच हवं. शिवाय मीठ स्वस्त. डेट्रॉइटच्या तर पोटातच, सुमारे १२०० फूट खोल, मिठाची खाण आहे. गाड्या बनवणारं शहर वर आणि गाड्या खाणारं मीठ खाली.

खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज ही मुळात विजेचीच करामत, म्हणून साध्या पाण्यापेक्षा खारं पाणी लोखंड कितीतरी भराभर खातं. उणे ९-१० सेल्सिअसच्या खाली साधं मीठ फारसं चालत नाही. तिथे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, आणि ते हवेतला ओलावा ओढून पत्रा ओलाच ठेवतात. मालवण-रत्नागिरीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे झडतात ते त्याने पाहिलेलं असतं.

आता बिल कोणी भरलं? रस्ते खात्याच्या हिशेबात फक्त मीठ आणि ते पसरणारे ट्रक. सडलेला पत्रा मालकाच्या खात्यावर. १९७६ मध्ये पर्यावरण संस्थेसाठी झालेल्या एका अभ्यासाने दोन्ही हिशेब शेजारी मांडले. मीठ घेणं-पसरणं वर्षाला साधारण २० कोटी डॉलर, आणि नुकसान सुमारे ३ अब्ज, त्यातले २ अब्ज एकट्या गाड्यांचे. आकड्यांवर वाद झाले, पण प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला.

तोवर लोकांनी आपापले उपाय शोधले होते. डेट्रॉइटमध्ये कर्ट झीबार्ट नावाच्या जर्मन मेकॅनिकने दारांच्या आणि चौकटीच्या पोकळ भागात मेणासारखं रसायन फवारायची पद्धत काढली. १९५९ पासून त्याच्या नावाची दुकानं उभी राहिली. कॅनडात तर गंजलेल्या फोर्डच्या मालकांनी चक्क संघटना काढली. सत्तरच्या दशकातला हा संताप कारखान्यांपर्यंत पोचला. गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडायची, म्हणजे रंग सांध्यासांध्यात शिरतो, ही पद्धत सर्रास झाली. पत्र्यावर जस्ताचा थर आला, आपल्या जस्ती बादलीसारखा. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून आजच्या गाडीचं दार पाच वर्षांत आरपार सडत नाही. हे कंपन्यांच्या प्रेमामुळे झालेलं नाही, गिऱ्हाइकांनी भांडून मिळवलंय.

आणि सगळं सुटलेलंही नाही. टोयोटाच्या टॅकोमा, टंड्रा, सेक्वोया गाड्यांच्या चेसिस गंजल्या. २०१६ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांसाठी समझोता झाला, ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा.

तर उत्तर: गाडी स्वच्छ आणि कोरडी असताना, हिवाळ्याआधी, दरवर्षी तेलकट फवारा मारून घ्या. आधीच गंजलेल्या जागेवर जाड रबरी कोटिंग नको, ओल आत अडकते. दारांखालची पाणी जायची भोकं बुजू देऊ नका. पारा शून्याच्या वर गेला की खालून धुऊन घ्या. आणि मीठ लागलेली गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवण्यात लाड कमी, नुकसान जास्त. उबेत गंज जोरात चालतो. हल्ली बर्फाआधीच मिठाचं पाणी फवारतात. त्याने मीठ कमी लागतं, पण ते पाणी फटीत सहज शिरतं.

गाडी धुतली की मीठ जातं कुठे? नाल्यात, नदीत, विहिरीत. एप्रिल २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या फ्लिंट शहराने पैसे वाचवायला डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. त्यात क्लोराइड खूप होतं. काही शुद्धीकरणाच्या रसायनातून आलेलं, आणि रस्त्यावरच्या मिठाचाही त्यात वाटा. गंज रोखणारं द्रव्य मात्र पाण्यात घातलंच नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी बंद केलं, सुटे भाग गंजायला लागले म्हणून. त्यांना दुसरीकडून पाणी मिळालं. गावातल्या घराघरांत, शिशाच्या नळांतून, तेच पाणी आणखी वर्षभर येत राहिलं.