शिकलगाराची पारख

आमच्या उर्दू शाळेच्या हजेरीपटावर दरवर्षी एखाददुसरे शिकलगार आडनाव असतेच. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात हे आडनाव नवे नाही. पण त्याचा अर्थ विचारला की मुले गप्प बसतात. 'चाकू-सुऱ्यांना धार लावणारे', एवढे एखादा खाली मान घालून सांगतो. मान खाली घालण्यासारखे त्यात काय आहे, असा प्रश्न आम्हाला पडला, आणि त्यातूनच हे लिहावेसे वाटले.

अरबीत 'सैकल' म्हणजे पोलादाला चकाकी आणणे. त्याला फारसी 'गर' लागून सैकलगर झाला आणि आपल्या बोलीत तो शिकलगार म्हणून रुळला. न्हाव्याचा वस्तराही फारसी 'उस्तुरा'च्याच नात्यातला. ज्यांची भाषा परकी म्हणून हिणवली जाते, त्यांच्या हुनराचे शब्द मराठी घराघरांत असे मुरले आहेत.

फौज म्हटली की तिच्या तलवारींसाठी शिकलगार आलाच. १८१८ साली पेशवाई बुडाली, १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा ठरले आणि १८७८ च्या हत्यार कायद्याने तलवार परवान्याखाली गेली. शिकलगाराच्या हाती उरले चाकू, कात्री, अडकित्ता आणि हजामाच्या धोकटीतला वस्तरा.

वस्तऱ्याची धार लावणे कठीण, पण ती बघणे त्याहून कठीण. माणसाचा केस मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक असतो. उत्तम वस्तऱ्याच्या धारेचे टोक केसाच्याही शंभराव्या हिश्शाइतके बारीक. अशी धार कशावर घासून बघितली की बघता बघताच ती जाते. दगडावर काम चालू असताना खाच शोधायला ओल्या नखावरून वस्तरा हलकेच फिरवणे ठीक. पण चामड्याच्या पट्ट्यावरून उतरलेल्या धारेला नख लावणे म्हणजे सारी मेहनत पाण्यात.

म्हणून जाणकार आधी डोळ्याने बघतो. वस्तरा उजेडात धार वर करून धरायचा. जिथे पांढरी रेघ चमकते, तिथे धार बोथट. नीट लागलेली धार दिसतच नाही. मग अंगठ्याचे ओले पेर धारेला आडवे, भार न देता टेकवायचे. धारेच्या लांबीने बोट कधी ओढायचे नाही. चांगली धार कातडीला किंचित धरते, बोथट धार नुसती निसटते. शेवटी मनगटावरच्या लवेवरून, कातडीला न टेकवता वस्तरा न्यायचा. लव आपोआप उतरली पाहिजे. खरी परीक्षा मात्र साबण लावलेल्या गालावर, पहिल्या हातातच होते.

पट्ट्यावर वस्तरा नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचा आणि पालटताना पाठीवरच फिरवायचा, कारण धार पुढे गेली तर पट्टाही कापला जातो आणि धारही मुडपते. दाढी आधी भिजवण्याचेही कारण आहे. कोरड्या केसाहून भिजलेला केस मऊ. २०२० साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की पोलादाहून पन्नासपट मऊ असलेला केसही विशिष्ट कोनात वाकून लागला तर पात्याच्या धारेचे कण उडतात. धार जपूनच वापरावी लागते, हे आपल्या कारागिरांचे हात आधीपासून जाणत होते.

हदीसमध्ये जबाह करणाऱ्याला सुरी धारदार ठेवण्याची ताकीद आहे, जनावराला त्रास कमी व्हावा म्हणून. धार हा इथे रहमतीचाच भाग मानला आहे.

मिरजेत या हुनराने वेगळे वळण घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी हत्यारे सोडून सतार आणि तंबोरे घडवायला घेतले. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा कानाने पारखत घासावा लागतो. एक हात जास्त पडला की सूर गेला. वस्तरा पारखणारी सबुरीच इथे कामी आली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आज सलूनमध्ये दर गिऱ्हाईकाला नवे अर्धे पाते लावतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांचा विचार करता ते योग्यच आहे. पण त्या पात्याला पारखावे लागत नाही, आणि पारखणारे हातही थकले आहेत.

१९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि संस्थानी मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्यांची ही नोंद सरकारी कागदांत आहे. धार बघण्याची रीत मात्र कुठल्या दप्तरात नाही. ती घरातल्या बुजुर्गांकडे आहे. त्यांच्यापाशी बसून ती लिहून घेतली पाहिजे. तोवर आम्ही हजेरी घेताना शिकलगार हे नाव आले की त्याचा अर्थ फळ्यावर लिहितो, आणि त्या मुलालाच तो मोठ्याने वाचायला लावतो.