ताज महाल पॅलेस हॉटेलमधील उपाहारगृहे

मुंबईतील अपोलो बंदर येथील ताज महाल पॅलेस या हॉटेलमध्ये पाश्चात्त्य, चिनी, जपानी व भारतीय पाकशैलींची स्वतंत्र उपाहारगृहे विकसित होत गेली. १९०३ साली सुरू झालेल्या या हॉटेलची खाद्यपरंपरा आरंभी प्रामुख्याने युरोपीय होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशियाई पाकशैलींना तेथे युरोपीय पाकशैलीच्या बरोबरीचे स्थान मिळाले. या बदलाचा प्रभाव मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवरही पडला. २००८ सालच्या दहशतवादी हल्ल्यात येथील उपाहारगृहांच्या कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांच्या रक्षणासाठी केलेली कामगिरी हा या इतिहासाचा महत्त्वाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

उद्योगपती जमशेदजी टाटा यांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा हे त्याचे वास्तुविशारद होते. बांधकाम इंग्रज अभियंता डब्ल्यू. ए. चेंबर्स यांच्या देखरेखीखाली पूर्ण झाले. गेटवे ऑफ इंडिया ही वास्तू त्यानंतर बऱ्याच काळाने, १९२४ साली खुली झाली.

केवळ युरोपियनांसाठी असलेल्या एका हॉटेलात प्रवेश नाकारला गेल्यामुळे जमशेदजींनी ताज बांधले, अशी आख्यायिका लोकप्रिय आहे. मात्र सर्व अभ्यासक ती ग्राह्य मानत नाहीत. मुंबईच्या प्रतिष्ठेला साजेसे हॉटेल असावे, ही प्रेरणा त्यांना अधिक संभवनीय वाटते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी, भारतीयाच्या मालकीच्या या वास्तूत भारतीय व युरोपीय पाहुणे एकाच छताखाली भोजन करू शकत होते. वसाहतकालीन मुंबईत ही गोष्ट लक्षणीय होती.

युरोपीय भोजनाचा कालखंड

त्या काळी आलिशान हॉटेल म्हणजे युरोपीय धर्तीचे भोजन, असे समीकरण जगभर रूढ होते. सूप, मासे, मांसाहारी मुख्य पदार्थ व गोड पदार्थ असे एकामागून एक येणारे टप्पे, काटे-चमचे-सुऱ्यांची ठरावीक मांडणी आणि भोजनाबरोबर वाद्यवृंद ही या शैलीची वैशिष्ट्ये होती.

हे भोजन पाश्चात्त्य असले, तरी मुंबईतील मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत ते रांधणाऱ्यांमध्ये गोमंतकीय आचाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. पोर्तुगीज अमलामुळे त्यांना युरोपीय पदार्थांचा परिचय होता. गोव्याचे मिगेल आर्कांजो मास्कारेन्यस हे पुढे ताजचे प्रमुख आचारी झाले.

१९३३ साली येथे हार्बर बार सुरू झाला. मुंबईतील पहिला परवानाधारक बार म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई प्रांतात दारूबंदी लागू झाल्यावर मद्यविक्रीवर कडक निर्बंध आले.

सी लाउंज

पहिल्या मजल्यावरील सी लाउंज हे समुद्राभिमुख चहापानगृह आहे. येथील दुपारचा चहा मूळच्या इंग्रजी पद्धतीचा. मात्र सँडविच व केक यांच्या जोडीला येथे भेळ व शेवपुरीसारखे मुंबईच्या रस्त्यावरचे पदार्थही मांडले जातात. विवाह जुळवताना दोन्हीकडच्या कुटुंबांनी भेटण्याचे ठिकाण म्हणूनही सी लाउंज मुंबईच्या सधन वर्गात परिचित आहे.

गोल्डन ड्रॅगन व सिचुआन पाकशैली

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मूळ वास्तूशेजारी बहुमजली टॉवर उभा राहिला. त्याच सुमारास गोल्डन ड्रॅगन हे चिनी उपाहारगृह सुरू झाले. तोपर्यंत मुंबईतील चिनी खाणावळींत प्रामुख्याने सौम्य चवीचे कँटनी पद्धतीचे पदार्थ मिळत. गोल्डन ड्रॅगनने चीनच्या नैऋत्येकडील सिचुआन प्रांताची तिखट पाकशैली पुढे आणली. भारतात ही शैली रुजवण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे या उपाहारगृहाला दिले जाते.

मिरची व लसूण यांची सवय असलेल्या भारतीय जिभेला ही चव परकी वाटली नाही. मोठ्या हॉटेलातून ती मध्यम श्रेणीच्या उपाहारगृहांत व तेथून हातगाडीवर पोहोचली. 'सिचुआन'चे 'शेजवान' झाले आणि शेजवान चटणी डोसा व वडापावातही शिरली. या प्रवासात तिचा एक मूळ घटक मात्र बहुधा गळून पडला. सिचुआनी मिरे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जिभेला मुंग्या आणणाऱ्या फळांच्या साली हे अस्सल सिचुआन पाकशैलीचे वैशिष्ट्य आहे. भारतीय शेजवान चटणीत त्या सहसा नसतात. ही फळे व कोकण-गोव्यात माशांच्या आमटीत वापरले जाणारे तिरफळ एकाच वनस्पतिकुळातील व एकाच प्रजातीसमूहातील आहेत.

वसाबी बाय मोरिमोतो

२००४ साली जपानी आचारी मासाहारू मोरिमोतो यांच्या सहयोगाने वसाबी हे जपानी उपाहारगृह सुरू झाले. कच्च्या माशांचे साशिमी व भातासह दिले जाणारे सुशी हे येथील प्रमुख पदार्थांपैकी आहेत. कच्चा मासा खाण्यायोग्य राहण्यासाठी तो पकडल्यापासून पानात वाढेपर्यंत शीतसाखळी अखंड राखावी लागते. त्यामुळे अशा भोजनाचा खर्च मोठा असतो.

स्वयंपाकघरांची रचना

अनेक पाकशैली एकाच हॉटेलात सांभाळण्यासाठी स्वयंपाकघरांची विभागणी आवश्यक असते. चिनी विभागात लोखंडी कढईखाली अतिशय प्रखर आच लागते व पदार्थ काही मिनिटांत परतून होतो. पाश्चात्त्य विभागात हाडे व भाज्या तासन्‌तास उकळून काढलेला अर्क सॉसचा पाया ठरतो. जपानी विभागात सुरीकाम व स्वच्छता यांना प्राधान्य असते. मुंबईतील पाहुण्यांचा विचार करता शाकाहारी व जैन पदार्थांसाठी वेगळी भांडी व वेगळी दक्षता घ्यावी लागते. शामियानासारख्या दिवसभर चालणाऱ्या उपाहारगृहात भारतीय, आशियाई व पाश्चात्त्य पदार्थ एकाच मेनूकार्डावर असतात.

२००८ चा हल्ला

२६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री, ऐन जेवणाच्या वेळी, दहशतवाद्यांनी हॉटेलमध्ये प्रवेश केला. उपाहारगृहांत त्या वेळी मोठी गर्दी होती. वसाबीमधील एका वरिष्ठ वेटरने सुमारे पन्नास पाहुण्यांना मेजांखाली बसवले व सहकाऱ्यांना त्यांच्याभोवती कडे करण्यास सांगितले. काही तासांनी पाहुण्यांना व नंतर कर्मचाऱ्यांना गोल जिन्याने बाहेर काढण्यात आले. सुमारे तीस वर्षे सेवेत असलेला हा वेटर सर्वांत शेवटी निघाला आणि जिन्याच्या पायथ्याशी गोळीबारात मरण पावला.

प्रमुख आचारी हेमंत ओबेरॉय यांच्या नेतृत्वाखालील स्वयंपाकघरातील कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांना सेवामार्गांनी बाहेर नेण्याचा प्रयत्न केला. त्यात काही आचाऱ्यांनी प्राण गमावले. एरवी पाहुण्यांच्या दृष्टीआड असणारे हे मार्ग व जिने त्या रात्री अनेकांच्या सुटकेचे साधन ठरले. बाहेर पडण्याचे रस्ते ठाऊक असूनही बहुसंख्य कर्मचारी पाहुण्यांना सोडून गेले नाहीत. या वर्तनाचा पुढे व्यवस्थापनशास्त्रात अभ्यास झाला.

हल्ला २९ नोव्हेंबरला सकाळी संपुष्टात आला. टॉवर विभाग २१ डिसेंबर २००८ रोजी पुन्हा सुरू झाला. आगीने मोठी हानी झालेला मूळ राजवाडा विभाग दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी खुला झाला.

महत्त्व

आलिशान हॉटेलातील भोजन ही मोजक्यांनाच परवडणारी बाब आहे. तरीही ताजमधील उपाहारगृहांचा परिणाम त्यांच्या पाहुण्यांपुरता मर्यादित राहिला नाही. युरोपीय भोजन हेच प्रतिष्ठेचे लक्षण मानण्याची वसाहतकालीन दृष्टी येथे क्रमाने मागे पडली. तेथे प्रथम वाढली गेलेली सिचुआन चव बदललेल्या रूपात आज महाराष्ट्रातील लहान गावांच्या बाजारपेठांतही आढळते.