सोमनाथ होर यांच्या ‘जखमा’ : आघाताची स्मृती आणि चित्ररूप

प्रत्यक्ष पाहिलेल्या हिंसेचे कलावंताच्या निर्मितीतील स्वरूप कालांतराने कसे पालटते, याचा विचार करताना बंगालमधील चित्रकार व शिल्पकार सोमनाथ होर (१९२१–२००६) यांचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते.

होर मूळचे चितगाव जिल्ह्यातील. १९४२ मध्ये जपानी विमानांनी त्या भागात बॉम्बफेक केली. तीत मृत व घायाळ झालेले ग्रामस्थ त्यांनी स्वतः पाहिले. पाठोपाठ १९४३ चा भीषण दुष्काळ आला. चित्तप्रसाद यांच्या मार्गदर्शनाखाली होर यांनी भुकेने खंगलेल्या माणसांची रेखाटने केली आणि ती कम्युनिस्ट पक्षाच्या ‘जनयुद्ध’ पत्रात प्रसिद्ध झाली. १९४६ मध्ये पिकाचा दोनतृतीयांश वाटा मागणाऱ्या बटाईदारांचे तेभागा आंदोलन उभे राहिले, तेव्हा रंगपूर भागात जाऊन त्यांनी रोजनिशी व रेखाटने यांच्या द्वारे त्याची नोंद केली. या चित्रांतून स्थळ, माणसे व प्रसंग ओळखता येतात. एका अर्थी ती साक्षीपत्रेच होत.

१९७१ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘जखमा’ या मालेत मात्र प्रसंग नाही, शाईसुद्धा नाही. मातीच्या किंवा मेणाच्या थरावर छेद द्यावयाचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यावयाचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबून बसवावयाचा, अशी तिची रीत. वाळलेला पांढरा कागद साच्यातून सुटतो, तेव्हा छेद त्याच्या अंगातच उमटलेले असतात.

या अमूर्ततेवर एक आक्षेप संभवतो. जखम कोणाची व ती कोणी केली, हे पांढरा कागद सांगत नाही. अत्याचारी नामानिराळा राहतो. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. तथापि होर यांनी तपशील वगळला तो विस्मरणामुळे नव्हे. त्या वर्षांत बंगालमधील राजकीय रक्तपात, बांगलादेशाचे युद्ध आणि व्हिएतनाममधील संहार यांचे नवे आघात जुन्या स्मृतीवर होत होते. कोणत्याही एका प्रसंगाच्या चित्रात हे सर्व सामावले नसते.

म्हणून होर यांची आरंभीची रेखाटने आणि ‘जखमा’ एकत्रच अभ्यासली पाहिजेत. अन्याय कोणावर व कोठे झाला, हे रेखाटने सांगतात. तो तीस वर्षांनंतरही भरून आलेला नाही, हे पांढऱ्या कागदावरील छेद सांगतात.