डॉक्टरीणबाईंच्या वाट्याचे हृदय

करमाळा तालुक्यातल्या एखाद्या गावातली मुलगी 'नीट' पार करून एमबीबीएसला लागली, की पेढे वाटून होण्याआधीच आत्या-मावश्या तिला सांगू लागतात, "आता बाळंतपणाची डॉक्टर हो गं, आपल्या बायामाणसांची सोय होईल." त्याच घरातला मुलगा लागला, तर त्याने हृदयाचा डॉक्टर व्हावे, असे म्हटले जाते. सांगणाऱ्यांच्या मनात दोघांविषयीही मायाच असते. पुढे कधीतरी त्याच आत्याच्या छातीत रात्री कळ येते, इसीजी निघतो आणि "पेशंट सोलापूरला हलवा" असे शब्द ऐकू येतात. शंभराहून अधिक किलोमीटर जाऊन ती कॅथलॅबच्या, म्हणजे हृदयापर्यंत नळी (कॅथेटर) नेण्याच्या खोलीतल्या, टेबलावर पोचते, तेव्हा समोर शिशाचा अ‍ॅप्रन घालून उभा असलेला डॉक्टर बहुतेक वेळा पुरुष असतो. प्रसूतीचा वॉर्ड बाईचा आणि कॅथलॅब बाप्याची, ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणी केली हे आपण विचारतच नाही. त्यासाठी आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

सन १८१६. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लाएनेक या पस्तिशीतल्या डॉक्टरपुढे हृदयरोगाची लक्षणे असलेली एक तरुण स्त्री आली. छातीला कान लावून ठोके ऐकण्याची तेव्हा रीत होती, पण परक्या तरुणीच्या छातीला कान लावणे लाएनेकला अवघड वाटले. त्याने कागदांची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवले, दुसरे आपल्या कानाला लावले आणि ठोके पूर्वी कधी ऐकले नव्हते इतके स्पष्ट ऐकू आले. त्या गुंडाळीची पुढे लाकडी नळी झाली. १८१९ साली त्याने या श्रवणपद्धतीवर ग्रंथ लिहिला. आज हृदयाच्या प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यात असणारा स्टेथोस्कोप असा पुरुष डॉक्टर आणि स्त्री रुग्ण यांच्यामधल्या संकोचातून जन्माला आला. त्याच संकोचाने आपल्याकडे वेगळे वळण घेतले. आपल्या घरांतल्या बायका परपुरुषाला नाडीसुद्धा दाखवायला कचरत आणि सुईणीच्या भरवशावर दिवस काढत. युरोपात संकोचातून उपकरण निघाले. इथे त्यातून बाई डॉक्टर हवी, अशी मागणी निघाली.

या मागणीचा सर्वांत कळवळून केलेला उच्चार आनंदीबाई जोशींचा आहे. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या सभेत, अमेरिकेला का जाते, याचा खुलासा करताना त्यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, हेच मांडले. (हे श्रीरामपूर बंगालमधले; आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे.) ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतीशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली तीही स्त्रियांच्या विभागावर. ते काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला. वय बावीससुद्धा पूर्ण नव्हते.

आनंदीबाई परदेशी शिकत असतानाच इथली दारे किलकिली होत होती. १८८३ मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळू लागला, १८८५ मध्ये स्त्रियांच्या उपचारांसाठी लेडी डफरीन यांचा निधी उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईतच बायकांचे कामा रुग्णालय सुरू झाले. रखमाबाई राऊत नवऱ्याने भरलेला गाजलेला खटला सोसून लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढची अनेक दशके सुरत व राजकोटच्या स्त्री-रुग्णालयांत त्यांनी काम केले. १९१४ मध्ये तर सरकारमान्य अशी स्त्री-डॉक्टरांची स्वतंत्र सेवाच निघाली. करमाळ्याच्या माणसाला या साऱ्याची खूण पाहायला फार लांब जायला नको. सोलापूरला गेलो की डफरीन चौक आपण ओलांडतोच. व्हाइसरॉयच्या पत्नीचे ते नाव तिथे आले ते बायकांच्या दवाखान्यामुळे, आणि डफरीन म्हटले की जुन्या सोलापूरकराला आजही बाळंतपणच आठवते. स्त्रियांना वैद्यकात ज्या दाराने आत घेतले, त्यावर 'स्त्रियांसाठी' अशी पाटी होती. त्या दाराचे ऋण मोठे आहे, अगणित बाळंतिणी त्याने वाचवल्या. पण पाटी दाराला होती, ती आत येणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळाला चिकटली. हृदयविज्ञान ही वेगळी शाखा तेव्हा नव्हतीच. विसाव्या शतकाच्या आरंभी आइन्थोव्हनने हृदयाचा विद्युत आलेख काढला आणि ती आकाराला येऊ लागली, तोवर डॉक्टरीणबाईंची खुर्ची प्रसूतीगृहात मांडून झाली होती.

तरीही बायका हृदयापाशी पोचल्या, आणि ज्या वाटेने पोचल्या ती पाहण्यासारखी आहे. कॅनडातल्या मॉड अ‍ॅबट यांना मॅकगिल विद्यापीठाने स्त्री म्हणून वैद्यकाला घेतले नाही. बिशप्स महाविद्यालयातून १८९४ मध्ये, म्हणजे रखमाबाईंच्याच वर्षी, त्या डॉक्टर झाल्या आणि अखेर त्याच मॅकगिलच्या वैद्यकीय संग्रहालयात त्यांना काम मिळाले. बरण्यांतल्या मृत हृदयांची नोंद ठेवण्याचे हे काम कोणाला नको होते. त्या बरण्यांवर त्यांनी आयुष्य वेचले आणि १९३६ मध्ये जन्मजात हृदयदोषांचा, एक हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यांच्या मागोमाग अमेरिकेतल्या हेलन टॉसिग. हार्वर्डने त्यांना वर्गात बसू दिले असते, पदवी दिली नसती. म्हणून त्या जॉन्स हॉपकिन्सला गेल्या. तिथे प्रौढांच्या वैद्यक विभागात त्यांना उमेदवारी मिळाली नाही, तेव्हा त्या बालरोग विभागाकडे वळल्या आणि १९३० मध्ये मुलांच्या हृदयरोग बाह्यरुग्ण विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांना ऐकू कमी येत होते. लाएनेकची नळी कमी पडली, तेव्हा त्या बोटांच्या टोकांनी बाळाच्या छातीतली स्पंदने वाचायला शिकल्या. निळी पडणारी बाळे फुप्फुसांकडे पुरेसे रक्त न गेल्याने मरतात, तर एका रोहिणीचे रक्त तिकडे वळवावे, ही कल्पना त्यांची. शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि प्रयोगशाळेत या शस्त्रक्रियेची घडी बसवणारे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ व्हिव्हियन थॉमस यांच्या साथीने २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ती प्रत्यक्षात आली. मुलांच्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेचे युग तिथून खऱ्या अर्थाने वेगाने पुढे गेले. अ‍ॅबट आणि टॉसिग यांनी जन्मजात दोषांचे हृदय 'निवडले' असे चरित्रांतून वाचताना मला नेहमी अडखळायला होते. मोठ्यांच्या हृदयाची दारे बंद होती, लहानांच्या हृदयाकडे कोणाचे लक्ष नव्हते. उरलेल्या वाट्याचे त्यांनी सोने केले, हे खरे; पण तो वाटा उरलेला होता.

टॉसिग यांच्याकडे शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी आपल्या देशाच्या कथेत मध्यभागी उभी आहे. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला. रंगूनला वैद्यक शिकल्या, १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे भारतात आल्या, पुढे लंडन, मग टॉसिग आणि हार्वर्डला हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांच्याकडे शिकल्या. परतल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात रुजू झाल्या आणि १९५४ मध्ये तिथे उत्तर भारतातली पहिली कॅथलॅब त्यांनी उभारली. लेडी हार्डिंज हे फक्त मुलींचे महाविद्यालय होते. जे यंत्र आज पुरुषांचे मानले जाते, ते उत्तर भारतात प्रथम बायकांच्या कॉलेजात, बाईच्या हाताने चालू झाले. म्हणजे या कामाला बाईचा हात चालत नाही, हे इतिहासाला मान्य नाही. १९६२ मध्ये पद्मावतींनी ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन स्थापन केले, १९६७ मध्ये पद्मभूषण व १९९२ मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळाले, आणि २०२० मध्ये कोविडने त्या गेल्या तेव्हा त्यांचे वय १०३ होते.

मग वाट कुठे वळली? कॅथेटरची कथा १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावी सुरू होते. वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरला हृदयापर्यंत नळी नेऊन पाहायची होती. उपकरणे ज्यांच्या ताब्यात होती त्या परिचारिका गेर्डा डिट्झेन स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाल्या. त्याने त्यांना टेबलाला बांधले आणि नळी मात्र स्वतःच्या दंडातून आत सारली. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळाले; डिट्झेन यांचे नाव हकिगतीपुरते उरले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे कॅथेटर हे मुख्यतः तपासणीचे साधन होते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिगने त्याच नळीच्या टोकाला फुगा लावून जागत्या माणसाची तुंबलेली हृदयरोहिणी उघडली. त्या दिवसापासून हृदयाचा डॉक्टर केवळ ऐकणारा आणि औषध लिहिणारा राहिला नाही. अर्ध्या रात्री धावत येऊन हाताने ब्लॉक उघडणारा झाला. प्रतिष्ठा, पैसा आणि रात्रीची ड्यूटी तिन्ही एकाच वेळी कॅथलॅबमध्ये शिरले.

या नव्या कामाचे वेळापत्रक अशा माणसासाठी आखले गेले, ज्याच्या घरी स्वयंपाक, मुले आणि म्हातारी माणसे सांभाळणारे दुसरे कोणी असते. आपल्याकडचा हिशोब सरळ आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमडीची तीन, हृदयविज्ञानातल्या डीएमची तीन. मध्ये बंधपत्राची सेवा आणि प्रवेशपरीक्षांची तयारी. एकही वर्ष वाया गेले नाही तरी मुलगी तिशीत पोचते, आणि लग्नाचा व बाळाचा प्रश्न नेमका डीएमच्या उंबरठ्यावर तिला अडवतो. त्यात क्ष-किरणांची भीती. कर्मचारी स्त्रीने गरोदरपण कळवल्यावर त्याच्या उरलेल्या काळात गर्भाला १ मिलीसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा पोचू नये, असा आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. चांगला अ‍ॅप्रन, शिशाचे पडदे आणि अ‍ॅप्रनखाली पोटाशी लावलेला मात्रामापक यांनी तो पाळता येतो. पण हे मुलीला कोणी समजावून सांगत नाही. "तू इको कर, ते बरं" एवढेच सांगितले जाते.

हे फक्त आपल्याच मुलखात घडते असे नाही. अमेरिकेत प्रौढांच्या हृदयरोगतज्ज्ञांमध्ये स्त्रिया साधारण १५ टक्के आहेत, अँजिओप्लास्टी करणाऱ्यांमध्ये १० टक्क्यांहूनही कमी, आणि लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांमध्ये मात्र एक तृतीयांशाहून अधिक. तिथल्या एमडीच्या तोडीच्या प्रशिक्षणार्थींची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. शाखा निवडताना मुलींनी कामाच्या ठरावीक वेळा, कुटुंबाला जागा आणि वाट दाखवणारे कोणी असणे, यांना मुलांपेक्षा अधिक महत्त्व दिल्याचे तीत आढळले. आपल्याकडेही दिल्लीच्या एम्समध्ये मुलांच्या हृदयरोगाची शाखा घडवणाऱ्या डॉ. सावित्री श्रीवास्तव यांचे नाव आदराने घेतले जाते. अ‍ॅबट, टॉसिग, श्रीवास्तव: या तिघींना नाव मिळाले ते पुन्हा बाळाच्याच हृदयापाशी. डफरीनच्या पाटीवरची अक्षरे अजून पुसलेली नाहीत.

या वाटणीची किंमत डॉक्टरीणबाई मोजतात, आणि रुग्णही मोजतात. अमेरिकेतल्या फ्लॉरिडा राज्यात १९९१ ते २०१० या काळात हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये एक अभ्यास आला. स्त्री-रुग्णावर पुरुष डॉक्टरने उपचार केले तर ती जगण्याची शक्यता कमी आढळली. मात्र ज्या पुरुष डॉक्टरांच्या भोवती स्त्री-सहकारी अधिक होत्या, त्यांच्याकडे हा फरक घटला. बाईला झटका आला तर छातीत कळ न येता नुसता दम, मळमळ किंवा जबड्यात दुखणे असे होऊ शकते. "अ‍ॅसिडिटी असेल, काकू" म्हणून ती घरी परतते. लाएनेकच्या वेळचा संकोच आता उरलेला नाही, पण बाईचे म्हणणे नीट ऐकून घ्यायचे राहूनच गेले आहे.

सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. करमाळ्याच्या मुलींना डॉक्टर व्हायला अमेरिकेला किंवा लंडनला जावे लागत नाही. आनंदीबाई आणि रखमाबाईंपुढे प्रसूतीशास्त्राखेरीज फारसा पर्याय नव्हता. या मुलींपुढे तो आहे. बाळंतपणाची डॉक्टर ज्या मुलीला मनापासून व्हायचे आहे, तिने जरूर व्हावे, तालुक्याला तिची गरज आहे. पण एमडी झालेली तुमची लेक किंवा सून ज्या दिवशी म्हणेल, "मला कॅथलॅबमध्ये काम करायचं आहे," त्या दिवशी तिला रात्रीच्या ड्यूटीबद्दल आणि बाळाबद्दल विचारण्याआधी, तिच्या डीएमच्या तीन वर्षांत घरातले कोणते काम आपण आपल्या अंगावर घेणार, ते तिला सांगा.