एक तबकडी, दोन बाजू : ‘फेथ’ आणि ‘व्हॉइड’ (१९८२) | थ्रेड

१. परभणी जिल्ह्यातील चारठाणा येथे मध्ययुगीन मंदिरांचे दगड आजही उभे आहेत. त्या मंदिरांपुढे पिढ्यान्‌पिढ्या गायन झाले असेल, वाद्ये वाजली असतील. त्यातला एकही स्वर उरलेला नाही. दगडाला शतके ओलांडता येतात. आवाजाला १८७७ पर्यंत ते साधले नव्हते. त्या वर्षी एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला आणि इतिहासापुढे नवाच प्रश्न आला : कोणाचा आवाज टिकवायचा, आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा?

२. या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर १९८२ मध्ये अमेरिकेच्या राजधानीच्या परिसरातील काही तरुणांनी दिले. त्यांतील बहुतेक जण विशीच्या उंबरठ्यावर होते. दोन हार्डकोर पंक बँड, दोघांची मिळून एकच ध्वनिमुद्रिका, प्रत्येकाच्या वाट्याला एक बाजू. अशा ध्वनिमुद्रिकेला ‘स्प्लिट’ म्हणतात. ही कहाणी त्या प्रकारातील बहुधा सर्वांत चर्चिल्या गेलेल्या तबकडीची आहे.

३. आधी थोडे तबकडीविषयी. एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचा मार्ग शोधला. आरंभीच्या तबकड्या एकाच बाजूने वाजत. मागची बाजू कोरी असे. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेही अशाच एकबाजू तबकड्यांवर. १९०४ मध्ये जर्मनीच्या ‘ओडियन’ कंपनीने दुबाजू तबकडी बाजारात आणली. मागची बाजू वापरात आली, तसे ती कोणाला द्यायची हेही ठरवणे आले.

४. एकाच फडात दोन पक्ष ही कल्पना मराठी माणसाला मुळीच नवी नाही. शाहिरी परंपरेत कलगी आणि तुरा समोरासमोर उभे राहतात. सिंधुदुर्गात डबलबारीच्या रात्री दोन बुवा आपापल्या भजनी मंडळासह आळीपाळीने गातात. श्रोते एका बुवासाठी येतात आणि दुसऱ्यालाही ऐकून जातात. गावाला एका रात्रीच्या खर्चात दोन मंडळे मिळतात. स्प्लिट तबकडीचे गणित नेमके हेच आहे.

५. आता पंककडे. १९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये ‘रमोन्स’ आणि लंडनमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ यांनी रॉक संगीताचा भपका उतरवला. तीन-चार स्वरमेळ, थोडी वाद्ये आणि भरपूर त्वेष, एवढ्यावर गाणे उभे राहू लागले. दशक संपता संपता अमेरिकेतील मुलांनी त्याची गती आणखी वाढवली. गाणी एक-दीड मिनिटावर आली. हेच हार्डकोर.

६. वॉशिंग्टनमध्ये या गतीचे गुरू होते ‘बॅड ब्रेन्स’. या बँडमधील चौघेही कृष्णवर्णीय होते आणि आरंभी जॅझ-फ्यूजन वाजवीत. हातात पूर्ण कसब असूनही त्यांनी वेग निवडला. त्यांचे कार्यक्रम पाहून शहरातील शाळकरी मुलांनी गिटारी हाती घेतल्या. अडचण वेगळीच होती. कार्यक्रम व्हायचे ते मद्यालयांत, आणि या मुलांचे वय तिथे शिरण्याचे नव्हते.

७. १९८० मध्ये ‘टीन आयडल्स’ हा वॉशिंग्टनचा बँड कॅलिफोर्नियाला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने या अल्पवयीन मुलांच्या हातांवर काळी फुली काढली. फुली असलेल्याला मद्य द्यायचे नाही, मात्र त्याला आत येऊ द्यायचे, असा तो संकेत. परतल्यावर त्यांनी हीच युक्ती आपल्या शहरातील क्लबचालकांपुढे मांडली. प्रवेशाची ही खूण पुढे एका चळवळीचे चिन्ह झाली.

८. टीन आयडल्स फुटला तेव्हा कार्यक्रमांतून साठलेले काही शे डॉलर शिल्लक होते. ते वाटून घेण्याऐवजी इयन मॅकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेजेक यांनी आपल्याच मोडलेल्या बँडची तबकडी काढण्याचे ठरवले. त्यासाठी एक नाव हवे होते. अशा रीतीने १९८० च्या अखेरीस ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ जन्माला आली. कोणतीही मोठी कंपनी या मुलांकडे ढुंकूनही पाहणार नव्हती आणि त्यांना तशी आशाही नव्हती.

९. पहिल्या तबकडीची वेष्टणे त्यांनी स्वतः तयार केली. एका इंग्लिश तबकडीचे वेष्टण उलगडून त्याचा आकार उतरवून घेतला, त्याबरहुकूम छपाई करून आणली, मग कात्री आणि गोंद घेऊन एकेक वेष्टण कापले, दुमडले, चिकटवले. व्यवहारही तसाच साधा होता. लेखी करार नाही. खर्च भागल्यावर उरेल त्यात बँड आणि कंपनी यांचा निम्मा-निम्मा वाटा.

१०. १९८२ च्या आरंभी डिस्कॉर्डने ‘फ्लेक्स युअर हेड’ हा संग्रह काढला. ११ बँड, ३२ गाणी, एक तबकडी. शहरातील साऱ्या मित्रमंडळींची जणू हजेरीच. या यादीत एक नाव मात्र शहराबाहेरचे होते : ‘व्हॉइड’. त्यांची तीन गाणी त्यात होती. स्प्लिटची कहाणी येथून सुरू होते.

११. व्हॉइडची मुले मेरिलँड राज्यातील कोलंबियाची. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्या मधले हे नियोजित नगर. विकासक जेम्स राऊस यांनी १९६७ मध्ये ते वसवले. आखीव रस्ते, आखीव वस्त्या, आखीव हिरवळ. गायक जॉन वाइफेनबाक, गिटारवादक बब्बा डुप्री, बासवादक ख्रिस स्टोव्हर आणि ड्रमवादक शॉन फिनेगन. राजधानीतील मुलांच्या दृष्टीने हे चौघे उपनगरातले, म्हणजे जवळपास परगावचे.

१२. ‘द फेथ’ या बँडचे उलट होते. तो वर्तुळाच्या अगदी मध्यभागी होता. गायक ॲलेक मॅकाय हा इयनचा धाकटा भाऊ. गिटारवादक मायकेल हॅम्प्टन आणि ड्रमवादक आयव्हर हॅन्सन हे ‘एस.ओ.ए.’ या बँडमधून आले होते. तो बँड मोडला, कारण त्याचा गायक हेन्री रॉलिन्स १९८१ मध्ये ‘ब्लॅक फ्लॅग’मध्ये दाखल होऊन कॅलिफोर्नियाला गेला. बासवर होता ख्रिस बाल्ड. एकाला घराणे होते, दुसऱ्याला नव्हते.

१३. १९८२ च्या उन्हाळ्यात दोन्ही बँड ‘इनर इअर’ स्टुडिओत गेले. स्टुडिओ हे नाव भारदस्त. प्रत्यक्षात ते आर्लिंग्टन येथील डॉन झिएन्टारा यांचे राहते घर होते. तळघरात वादन आणि वर कुटुंबाचा संसार. वॉशिंग्टनच्या हार्डकोरचा बराचसा इतिहास या घरात मुद्रित झालेला आहे. तबकडी त्याच वर्षी निघाली. डिस्कॉर्डच्या यादीत तिचा क्रमांक ८.

१४. एकच तबकडी का? तबकडीच्या खर्चाचे दोन भाग असतात. मूळ साचा कोरणे आणि त्यावरून धातूचे ठसे बनवणे हा खर्च प्रती शंभर काढा किंवा हजार, तेवढाच राहतो. प्रत्यक्ष प्रतींचा खर्च संख्येप्रमाणे वाढतो. दोन बँडांनी एक साचा वाटून घेतला की पहिला बोजा निम्मा होतो, आणि प्रती घेणारे चाहते मात्र दोन्हीकडचे मिळतात.

१५. गाण्यांच्या लांबीनेही साथ दिली. बारा इंची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे २० मिनिटांचे संगीत सुखाने मावते. एवढा वेळ एकट्याने दोन्ही बाजूंना भरणे हार्डकोर बँडला अवघड. एक बाजू मात्र सहज भरते. या तबकडीवर फेथची १२ आणि व्हॉइडची १२, अशी २४ गाणी आहेत. तोवर डिस्कॉर्डने बँडांच्या सात इंची छोट्या तबकड्याच काढल्या होत्या. संग्रह वगळता ही तिची पहिली बारा इंची तबकडी. जे एकाला पेलवले नसते ते दोघांनी मिळून पेलले.

१६. पहिली बाजू फेथची. वेगवान, पण बांधीव. गिटार आणि ड्रम एकमेकांचा हात सोडत नाहीत. ॲलेकच्या गाण्यात राग आहे, पण तो अंतर्मुख आहे; स्वतःशी, मित्रांशी, वाढत्या वयाशी चाललेला झगडा त्यात ऐकू येतो. वॉशिंग्टनच्या हार्डकोरचा आदर्श नमुना कोणता, असे कोणी विचारले तर ही बाजू निःशंकपणे पुढे करता येते.

१७. तबकडी उलटली की जमीनच सरकते. व्हॉइडच्या बाजूवर गिटार किंचाळते, घरघरते, विव्हळते. ड्रम पुढे धावतात, बाकीचे मागून धावतात, आणि गाणे आता फुटणार असे वाटत असतानाच संपते. वाइफेनबाकचा आवाज घसा फाटेपर्यंत ताणलेला. त्यात हेवी मेटलचे रंगही मिसळलेले आहेत. पंक आणि मेटल हे दोन गट तेव्हा एकमेकांकडे संशयाने पाहत. दोघांचा मिलाफ रूढ व्हायला आणखी काही वर्षे जायची होती.

१८. तेव्हापासून श्रोत्यांचा वाद सुरू आहे : फेथ की व्हॉइड? या वादाला तबकडीच कारणीभूत आहे. दोन स्वतंत्र तबकड्या असत्या तर ज्याला जी हवी ती त्याने घेतली असती. येथे दोन्ही एकाच वेष्टणात आल्या. फेथच्या नावावर तबकडी घेणाऱ्याच्या घरी व्हॉइडही पोहोचला. आणि एकदा घरी आल्यावर मागची बाजू कोण ऐकणार नाही?

१९. १९८३ मध्ये दोन्ही बँड संपले. फेथची ‘सब्जेक्ट टू चेंज’ ही आणखी एक तबकडी डिस्कॉर्डने त्याच वर्षी काढली. पुढे हॅम्प्टन, बाल्ड आणि हॅन्सन हे इयन मॅकायसह ‘एम्ब्रेस’मध्ये एकत्र आले. फेथमध्ये नंतर सामील झालेला एडी जॅनी ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’मध्ये गेला. १९८५ च्या उन्हाळ्यात या दोन बँडांनी हार्डकोरला भावनिक वळण दिले. फेथचा प्रवाह अशा रीतीने पुढे वाहत राहिला.

२०. व्हॉइडच्या वाट्याला हे आले नाही. ‘टच अँड गो’ या कंपनीसाठी त्यांनी १९८३ मध्ये एक संपूर्ण तबकडी मुद्रित केली होती. बँड मोडला आणि ती अप्रकाशित राहिली. म्हणजे बँड हयात असताना लोकांच्या हाती पडलेला त्यांचा ऐवज केवढा? संग्रहातील तीन गाणी आणि दुसऱ्याच्या तबकडीची मागची बाजू. ती बाजू नसती तर कोलंबियाची ही चार मुले आज स्थानिक आठवणींपलीकडे क्वचितच उरली असती.

२१. आणि तरीही पुढल्या पिढ्यांनी त्या बाजूला डोक्यावर घेतले. ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने आपल्या वहीत आवडत्या पन्नास तबकड्यांची यादी केली होती. २००२ मध्ये त्याच्या वह्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा त्या यादीत हे स्प्लिटही दिसले. २०११ मध्ये डिस्कॉर्डने दोन्ही बँडांची जुनी मुद्रणे नव्याने बाहेर काढली. व्हॉइडच्या १९८१ ते १९८३ या काळातील मुद्रणांना तेव्हा स्वतःची स्वतंत्र तबकडी मिळाली. मधे २९ वर्षे गेली होती.

२२. दरम्यान स्प्लिट ही जगभरच्या पंक बँडांची रीतच झाली. १९८९ मध्ये ब्रिटनचा ‘नेपाम डेथ’ आणि जपानचा ‘एस.ओ.बी.’ यांनी एक छोटी तबकडी वाटून घेतली. ना भाषा एक, ना देश एक. एका देशातील बँड दुसऱ्या देशातील बँडला अर्धी तबकडी देतो, म्हणजे वस्तुतः आपले श्रोते देतो. पत्रांतून आणि टपालाने जाणाऱ्या कॅसेटींतून उभ्या राहिलेल्या या जगात तीच ओळखीची चिठ्ठी होती.

२३. इतिहासाच्या अभ्यासकाला यातून काय मिळते? साधने टिकतात ती केवळ त्यांच्या गुणावर टिकत नाहीत. कोणीतरी साचा करतो, कोणीतरी जागा देतो, कोणीतरी जपून ठेवतो. ताम्रपट राजाचा टिकतो, कारण तांबे परवडणारा तोच असतो. ज्याला तांबे परवडत नाही त्याचा शब्द टिकायचा, तर बहुधा कोणाच्या तरी पाठीवर बसूनच टिकतो : एखाद्याच्या पोथीच्या समासात, एखाद्याच्या हिशेबवहीच्या मागच्या पानावर.

२४. १९८२ मध्ये फेथला पूर्ण तबकडी मागता आली असती. कंपनी थोरल्या भावाचीच होती. तिची एक बाजू परगावच्या चौघांना मिळाली. जुन्या मुद्रिका, कॅसेटी किंवा डबलबारीची ध्वनिमुद्रणे कोणाच्या घरी असतील, तर ती टाकून देण्यापूर्वी एकदा उलटून पाहावीत. वेष्टणावर ठळक नाव एकाचे असते. मागच्या बाजूला दुसरा कोणीतरी वाट पाहत असतो.

#इतिहास #ध्वनिमुद्रिका #थ्रेड